कातड्याविना बिबट्या: आधी अंग घडवा, लव शेवटी

निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या शिक्षिकेनं विचारलं आहे: शाळेच्या निसर्ग दालनात पूर्ण आकाराचा बिबट्या उभा करायचा आहे. संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या प्राण्यासारखा तो दिसावा, पण त्यात कातडी, केस, हाडं असं प्राण्याचं काहीही नसावं. थर्माकोल कोरून त्यावर बाजारातली कृत्रिम फर चिकटवली तर काम होईल का?

मॅडम, एवढ्यानं होणार नाही. फरचं कापड कितीही महागातलं आणलं तरी खालचं अंग चुकलं असेल तर ते गादीला खोळ घातल्यासारखं दिसतं. खऱ्या टॅक्सीडर्मीतही, म्हणजे मेलेल्या प्राण्याची कातडी वापरून तो जिवंतासारखा उभा करण्याच्या कलेतही, कातडी सगळ्यात शेवटी येते. आधी प्राण्याची मापं घेऊन स्नायूंसकट देह घडवतात आणि मग त्यावर कातडी ताणतात. आपल्या कामात फक्त कातडीच्या जागी कापड येतं, बाकीचं शरीरशास्त्र तेवढंच लागतं. म्हणून तुमच्याकडे दोन महिने असतील तर दीड महिना उघड्या अंगावर आणि चेहऱ्यावर घालवा. लव चढवायला आणि रंगवायला उरलेले दिवस पुरतात.

पण त्याआधी सामानाबद्दल. ‘प्राण्याचं काहीही नको’ असं तुम्ही म्हणालात ते मला फार आवडलं, आणि म्हणूनच ते शेवटपर्यंत पाळा. कातडी आणि पिसं टाळली की झालं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात प्राणिजन्य वस्तू आडवाटेनं आत येतात. सुतार वापरतात तो सरस जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला असतो. पॉलिशचा चपडा लाखेच्या किड्यापासून येतो. चांगले म्हणून घेतलेले रंगाचे ब्रश बऱ्याचदा डुकराच्या किंवा खारीच्या केसांचे असतात. येवला तुमच्या शेजारी असलं तरी रेशीम नको, तेही किड्याचंच. त्याऐवजी फेव्हिकॉल, मैद्याची खळ, नायलॉनचे ब्रश, सुती मखमल, ताग आणि पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक वॉर्निश एवढ्यात सगळं भागतं.

फर घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. कृत्रिम म्हणून विकलेल्या मालात, विशेषतः जॅकेटच्या कॉलरच्या पट्ट्यांमध्ये, कधीकधी खरे केस निघतात. कापड उलटं करून केस बाजूला सारा. खाली विणलेलं कापड दिसलं तर कृत्रिम, कातडं दिसलं तर खरं. शंका राहिली तर दोन-चार केस उपटून, चिमट्यात धरून, उघड्यावर काडी लावा. ॲक्रिलिकचे केस वितळून त्यांचा कडक मणी होतो आणि प्लास्टिकचा वास येतो. खरे केस जळाले की तो वास कुणाला सांगावा लागत नाही.

कायद्याचंही बोलून घेऊ. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची कातडी, नखं, दात परवानगीशिवाय जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. निसर्ग दालन होतंय म्हटल्यावर एखादा हितचिंतक ‘आमच्या वाड्यात आजोबांच्या काळचा पेंढा भरलेला वाघ आहे, घेऊन जा’ असं म्हणेल. नम्रपणे नको म्हणा. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय जुन्या काळी कातड्याला कीड लागू नये म्हणून आर्सेनिकचा साबण चोळायचे. तो अंश आजही त्या केसांत असू शकतो आणि तुमच्याकडे तर मुलं हात लावणार. तुमचा बिबट्या चांगला झाला तर लोकांना तो खरा वाटेल, म्हणून चौथऱ्यावर ‘प्रतिकृती’ असं ठळक लिहा, खाली वापरलेलं सामान नोंदवा आणि काम चालू असताना सगळ्या टप्प्यांचे फोटो काढून ठेवा. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयालाही एक पत्र देऊन ठेवलेलं बरं.

आता पवित्रा. इथे माझा आग्रह आहे: जबडा वासलेला, नखं काढलेला बिबट्या करू नका. कामाच्या दृष्टीनं तो अवघड, कारण जीभ, टाळू, सुळे आणि गुरगुरताना नाकावर पडणाऱ्या वळ्या हे सगळं बरोबर यावं लागतं आणि यातली एक गोष्ट चुकली तरी चेहरा सोंगासारखा होतो. मुख्य कारण मात्र तुमची मुलं आहेत. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात बिबट्या राहतो, तिथेच विणतो, तोडणीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात. या मुलांना तो पुढे आयुष्यभर शेजारी असणार आहे. त्यांनी शाळेत पाहावा तो बिबट्या रोजचा असावा: मान खाली, कान पुढे, तोंड मिटलेलं, बांधावरून आपल्या वाटेनं निघालेला. सुरगाणा-पेठकडे वाघबारशीला वाघदेवाची पूजा करतात. त्या नात्यात भीती आहे तसा मानही आहे. तो मान तुमच्या दालनात दिसू द्या.

मापं अशी धरा. आपल्याकडचा पूर्ण वाढलेला नर डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत साधारण 127 ते 142 सेंटिमीटर, शेपटी 76 ते 91 सेंटिमीटर. मादी आखूड, 104 ते 117 सेंटिमीटर. पहिल्या कामाला मादी घ्या, कापडही कमी लागतं. चालणाऱ्या बिबट्याचा अगदी बाजूनं, त्याच्याच उंचीवरून घेतलेला फोटो शोधा. वरून घेतलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात आणि तीच चूक लाकडात उतरते. हा फोटो फ्लेक्सवाल्याकडून खऱ्या मापात छापून भिंतीवर लावा आणि काम संपेपर्यंत काढू नका.

फोटोवरून 12 मिलिमीटरच्या प्लायवर धड आणि मानेची आकृती काढा. बाहेरच्या रेषेपासून तीन-चार सेंटिमीटर आत कापा, कारण त्यावर मांस चढणार आहे. ही मधली फळी म्हणजे तुमचा कणा. पायांना 8 मिलिमीटरची सळई वाकवून घ्या. नाशिकला सातपूर-अंबडला किंवा गावातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे ती वाकवून, खालच्या टोकांना आटे पाडून मिळते. टोकं जाड फळीच्या पाटातून आरपार जाऊन खालून नट-वॉशरनं आवळली पाहिजेत. नुसत्या चिकटवलेल्या पायांवर एवढा प्राणी शाळेत टिकत नाही. मुलं टेकतातच.

सळई वाकवताना एक गोष्ट मनात पक्की करा. मांजरकुळातला प्राणी बोटांवर चालतो. मागच्या पायात उलटा वाकलेला जो सांधा दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे, खरा गुडघा वर पोटालगत आहे. पुढच्या पायात कोपर छातीच्या खालच्या रेषेजवळ येतं. हे सांधे जागच्या जागी पडले की अर्धा बिबट्या उभा राहिला. हे चुकलं तर वरची कितीही कारागिरी ते झाकू शकत नाही, कारण बघणाऱ्याला नाव सांगता आलं नाही तरी ‘काहीतरी बिघडलंय’ हे लगेच कळतं.

मांसासाठी मी थर्माकोलपेक्षा चुरगाळलेली वर्तमानपत्रं आणि सुतळी पसंत करतो. थर्माकोल कोरताना वर्गभर भुसा उडतो, आणि त्यावर चुकून रबराचं सोल्युशन लागलं तर तो विरघळून खड्डा पडतो. कागदाचे घट्ट रोळे करायचे आणि स्नायू जसा जातो त्या दिशेनं सुतळीनं आवळत न्यायचे. फऱ्यापासून, म्हणजे खांद्याच्या रुंद हाडापासून, कोपरापर्यंत एक, मांडीवर मोठा फुगीर, पोटरीकडे निमुळता. मान खाली घालून चालताना खांद्याचे फरे पाठीच्या रेषेच्या वर येतात, आणि पुढे टाकलेल्या पायाचा फरा दुसऱ्या पुढच्या पायाच्या फऱ्याच्या पातळीत नसतो. हा उंचवटा आला की प्राणी चालायला लागतो. पोटाची कातडी सैल असते, मागच्या पायांपुढे ती थोडी लोंबते. नवे लोक पोट ताणून सपाट करतात, तसं करू नका. डोकंही हमखास मोठं होतं, कारण आपण प्राण्याचा चेहराच लक्षात ठेवलेला असतो. फोटोवर फूटपट्टी लावून धडाच्या लांबीत डोकं किती वेळा बसतं ते मोजा आणि त्या मोजमापावरच विश्वास ठेवा.

रोळ्यांवरून बारीक जाळी ओढून घ्या आणि त्यावर कागदाच्या पट्ट्या. खळ मैद्याची: एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी, अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवायची आणि गार झाल्यावर चौथा हिस्सा फेव्हिकॉल घालायचा. कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे ते काम तुम्ही हातमोजे घालून करा, मुलांना त्या खळीत हात घालू देऊ नका. मुलं पट्ट्या लावणार असतील तर मेथी बरी. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करताना आपल्याकडच्या बायका मेथ्या भिजवून वाटून घालायच्या. त्यानं लगदा चिवट होतो आणि किडीला तो कडवटपणा नकोसा असतो. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा खाकी कागदाचा असं आलटूनपालटून लावा, म्हणजे कुठला थर कुठे राहिला ते रंगावरून कळतं. सहा-सात थर पुरेत. लगदा फक्त बारीक उठावासाठी ठेवा आणि पातळ लावा, जाड लगदा वाळताना आक्रसतो आणि भेगा पडतात.

त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे बोहाड्याचे, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे, मुखवटे करणारे कारागीर आहेत. कागद आणि खळीचं हे काम ज्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे ते हात तुमच्याच जिल्ह्यात आहेत. शक्य असेल तर त्यांच्यापैकी एखाद्याला मानधन देऊन दोन दिवस शाळेत बोलवा. कागद कधी ओला, कधी ओलसर आणि कधी दाबण्याजोगा, हे लिहून कळत नाही.

हे सगळं फेब्रुवारी ते मे या काळात उरका. त्या कोरड्या हवेत थर एका-दोन दिवसांत ठणठणीत वाळतो. आषाढ-श्रावणात तोच थर वरून सुकलेला आणि आतून ओला राहतो आणि महिन्याभरात बुरशीचा वास सुटतो. वाळलेलं अंग बोटानं वाजवून पाहा. जिथे आवाज बोदा येईल तिथे ओल आहे, तिथे पुढचा थर नको.

चेहरा वेगळा करून मानेवर बसवा, म्हणजे मांडीवर घेऊन काम करता येतं. डोळे आधी बसतात, कापड नंतर. हस्तकलेच्या दुकानात काचेचे किंवा रेझिनचे पारदर्शक अर्धगोल मिळतात, त्यातले 20 ते 24 मिलिमीटरचे घ्या. मागच्या सपाट बाजूवर आधी काळी बाहुली रंगवा, ती वाळल्यावर भोवती पिवळसर हिरव्या-सोनेरी रंगाच्या आतून बाहेर जाणाऱ्या बारीक रेघा, आणि शेवटी मागे गडद तपकिरी हात. बाहुली गोल हवी. घरच्या मांजराची बाहुली उभी फट होते, बिबट्याची होत नाही, आणि ही चूक मी चांगल्या चांगल्या कामात पाहिली आहे.

डोळा बसवला की तो वटारलेलाच दिसतो. घाबरू नका, डोळ्याला जीव पापणी देते. एपॉक्सी पुट्टीची शेवयीएवढी वळी करून वरची पापणी अशी घाला की बुब्बुळाचा वरचा थोडा भाग झाकला जाईल. खालची पापणी बुब्बुळाला जेमतेम टेकेल. नाकाकडचा कोपरा खाली उतरून टोकदार होतो, बाहेरचा कोपरा किंचित वर जातो. मग आरशात पाहा. उलट्या प्रतिमेत दोन डोळ्यांतला फरक लगेच सापडतो. पुट्टी कडक व्हायला तासभर हाताशी असतो, तेवढ्यात पाण्यानं भिजवलेल्या काडीनं पापणीची कड साफ करायची. कड काळसर रंगवून त्यावर चकचकीत वॉर्निशचा एकच बारीक हात द्या, म्हणजे डोळा ओला दिसतो. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी ज्याच्या-त्याच्या हातात देत नाहीत, तीच शिस्त इथे पाळा. वर्गात सगळ्यात स्थिर हाताचा जो असेल त्याला हे काम द्या.

नाकाचा शेंडा गुलाबीसर तपकिरी, कडेनं काळा. ओठांची रेघ काळी, हनुवटी पांढरी. कान लहान आणि गोल, मागून काळे आणि त्यावर फिकट पट्टा. हा पट्टा लोक विसरतात, आणि मागून येणाऱ्या मुलाला पहिल्यांदा तोच दिसतो.

आता कापड. भारतीय बिबट्याचे केस आखूड असतात, त्यामुळे लांब झुपकेदार फर घेऊ नका. आठ-दहा मिलिमीटर लवीचं, फिकट बदामी रंगाचं कापड घ्या, मादीला अडीच-तीन मीटर पुरतं. नाशिकच्या मेन रोड, रविवार कारंजाच्या बाजूच्या कापडाच्या दुकानांत किंवा सॉफ्ट टॉय करणाऱ्यांकडे चौकशी करा. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच, ते नको असेल तर जाड सुती मखमल वापरा. चेहऱ्याला आणि पंजांना तर मी मखमलच सुचवेन.

कापड बेतण्यासाठी अंगाला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा, त्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर. पेनानं शिवणीच्या रेघा काढा: एक पोटाच्या मध्यावरून, बाकीच्या पायांच्या आतल्या बाजूनं, पाठीवर एकही नको. प्रत्येक तुकड्यावर लवीच्या दिशेचा बाण काढायला विसरू नका. बिबट्याची लव नाकापासून मागे, मानेवरून पाठीकडे, बरगड्यांवरून तिरकी खाली आणि पायांवर पंजाकडे जाते. एक तुकडा जरी उलट्या लवीचा लागला तरी त्यावर उजेड वेगळा पडतो आणि तो ठिगळासारखा उठून दिसतो. मग ते कवच रेघांवर कापून सपाट करा, ते तुमचे बेतकागद. कापड उलट्या बाजूनं, ब्लेडनं, फक्त खालचं विणकाम चिरत कापा. कात्रीनं कापलंत तर लवच कापली जाते आणि शिवण उघडी पडते.

चिकटवण्याआधी सगळं टाचण्यांनी लावून एक रात्र तसंच ठेवा. सकाळी नव्या नजरेनं पाहिलं की कुठे ताण आहे, कुठे झोळ आहे ते दिसतं. मग पाठीपासून खाली फेव्हिकॉलनं चिकटवत या आणि पोटाची शिवण सोफावाल्यांच्या वाकड्या सुईनं आतल्या टाक्यानं घाला. गरम ग्लूगन आणि इस्त्री या कापडापासून लांब ठेवा, केस आखडतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. पायांवरची आणि गालांवरची लव केस कापायच्या ट्रिमरनं उतरवा, थोडी थोडी, मास्क लावून.

ॲक्रिलिकला कपडे रंगवायचा साधा रंग धरत नाही. पाण्यात पातळ केलेला ॲक्रिलिक रंग जुन्या टूथब्रशनं लवीच्या दिशेनं लावा आणि वाळेपर्यंत मधूनमधून विंचरत राहा, नाहीतर केसांच्या काड्या होतात. आधी पाठीवर पिवळसर गेरूसारखी छटा, बरगड्यांवर उतरत फिकट, पोट आणि पायांची आतली बाजू पांढरी. ठिपके त्यानंतर. पाठीवर आणि कुशीवर तुटक काळ्या डागांची पोकळ फुलं येतात, आतला भाग बाहेरच्यापेक्षा किंचित गडद, आणि मध्ये ठिपका नाही. मध्ये ठिपका घातलात तर तो अमेरिकेतला जॅग्वार होईल, आणि सुटे भरीव ठिपके देऊन डोळ्यांखालून काळी रेघ ओढलीत तर चित्ता. डोकं, मान, पाय आणि पोटावर भरीव ठिपके. शेपटीवर टोकाकडे वळी, खालची बाजू पांढरी.

डाव्या बाजूचा छाप काढून उजवीकडे उलटा लावू नका. प्रत्येक बिबट्याच्या दोन्ही कुशींवरची नक्षी वेगळी असते, आणि कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या, फोटोंतून अभ्यासक तिच्यावरूनच एकेक बिबट्या ओळखतात. मुलांना हे काम देताना आधी फोटोतल्या खऱ्या बिबट्याची एकेक कूस नीट पाहायला लावा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोलाचा धडा तोच आहे.

मिशांना मासेमारीची पांढरी नायलॉन दोरी. टोक पॉलिश पेपरनं निमुळतं करा आणि वरच्या ओठावरच्या काळ्या ठिपक्यांच्या रांगेत सुईनं भोक पाडून रोवा. पंजे चालताना नखं आत घेतलेले असतात, म्हणून नखं करूच नका. शेपटीत जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार घाला, म्हणजे तिला हवा तो बाक देता येतो. पाटावर कातळ आणि घनदाट जंगल उभं करण्यापेक्षा माती, उसाचं पाचट आणि ठिबकची एक नळी टाका. पाचट चार दिवस कडक उन्हात घालून मगच वापरा.

कागद, खळ आणि प्लाय म्हणजे वाळवीला आणि कसरीला आमंत्रण. त्यामुळे पाट जमिनीवर टेकवू नका. लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून हातभर लांब आणि खिडकीच्या थेट उन्हापासून दूर ठेवा. महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं लवीच्या दिशेनं धूळ झाडा. पोटाच्या शिवणीत वीतभर भाग चिकटवण्याऐवजी हुकांवर ठेवा, म्हणजे मे महिन्यात आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीआधी आत बॅटरी मारून ओल, वाळवी पाहता येईल. सुट्टीत झाकायचं असेल तर सुती चादर घाला. प्लास्टिक घातलं तर आत दमटपणा कोंडून राहतो.